पहिली ठासणीची बंदूक

अमेरिकेतल्या मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात काडतुसी रायफली भिंतभर टांगलेल्या असतात. काडतूस भरलं, चाप ओढला, काम झालं. मग त्याच दुकानात, शेजारच्या कपाटात, तोंडाकडून दारू ओतून गजाने ठासायच्या बंदुका नव्या कोऱ्या खोक्यांत कशासाठी ठेवलेल्या असतात? त्या घेतं तरी कोण? इतिहासाची हौस असलेली थोडी मंडळी. बाकी सगळे साधे शिकारी, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कमीत कमी कितीत भागेल?’

आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हटली की १८५७ आठवतं. चरबीच्या काडतुसांवरून जिच्यापायी वणवा पेटला ती एन्फिल्ड ठासणीचीच होती. तेव्हाचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी, ती दाताने फाडायची आणि आतली दारू नळीत ओतायची. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या अशा बंदुका अजून अनेक घरांत आहेत आणि निवडणूक लागली की त्या अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. हौसेची शिकार मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे संपली. त्यामुळे या प्रकरणातला सगळा हिशेब अमेरिकेतला आहे, डॉलरमधला आहे.

१. तारखांचा लोभ

सन १९००च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आत आली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. इतक्या हरणांना आवर घालायला मोठे शिकारी प्राणी बहुतेक राज्यांत उरलेले नाहीत, म्हणून दर वर्षी किती परवाने द्यायचे, कोणत्या तारखांना आणि कोणत्या हत्याराने शिकार करू द्यायची, हे प्रत्येक राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. धनुष्यबाणाचा हंगाम वेगळा, रायफलचा वेगळा आणि ठासणीच्या बंदुकीचा वेगळा.

ठासणीवाल्यांना वेगळे दिवस मिळतात, त्याचं कारण सरळ आहे. त्यांच्या हातात एकच बार असतो. तो चुकला तर दुसरा भरायला अर्धा-एक मिनिट जातं, आणि तेवढ्यात हरीण शेजारच्या तालुक्यात पोचलेलं असतं. पल्लाही आखूड. अशा माणसाला चार दिवस जास्त दिले तरी कळपाला धक्का लागत नाही. शिकाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर रानात गर्दी कमी आणि दिवस मोक्याचे. कोलोरॅडोत हा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला असतो, नऊ दिवसांचा. त्याच काळात एल्क ही मोठी हरणं माजावर येतात, नर दऱ्याखोऱ्यांतून शिट्टीसारखी साद घालत फिरतात. रायफलवाल्यांची पाळी ऑक्टोबरात येते, तोवर सगळं शांत झालेलं असतं. म्हणजे ही बंदूक घेण्यामागे जुन्याची ओढ कमी आणि तारखांचा लोभ जास्त.

हे नीट लक्षात आलं की खरेदीची दिशा बदलते. तारखा राज्य देतं, तेव्हा कोणती बंदूक चालेल हेही राज्यच ठरवणार. दुकानदाराला विचारायचा प्रश्न त्यानंतरचा.

२. बार उडतो कसा

नळीचं मागचं तोंड बंद, पुढचं उघडं. पुढून मोजून दारू ओतायची. तीवर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची आणि गजाने खाली दाबत न्यायची, ती थेट दारूवर टेकेपर्यंत. काळी दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. कित्येक शतकांत हे प्रमाण फारसं हललेलं नाही. आता बाहेरची आग आत पोचवायची आहे, आणि ठासणीच्या बंदुकांच्या जाती पडतात त्या याच एका मुद्द्यावर.

शिकारीसाठी आजही सर्रास विकल्या जाणाऱ्यांत सर्वांत जुनी जात चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की तो पोलादी पट्टीवर घासतो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे चिमूटभर दारूवर पडतात, रंजक भडकतं आणि त्याची ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून आत शिरते. या सगळ्याला क्षणभर वेळ लागतो, आणि तो क्षण नेमबाजाला जाणवतो. पावसात रंजक भिजतं. शिवाय वाटीतला भपका सावजाला आधी दिसतो. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावच्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या पाद्र्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. भपका दिसताच बदकं उडून जातात, या वैतागातून त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. पाद्र्याच्या या वैतागाने पुढे जगभरच्या लष्करांची हत्यारं बदलली.

त्या युक्तीतूनच काही वर्षांनी टोपी आली. तांब्याची इवलीशी टोपी, आत स्फोटक रसायनाचा ठिपका. दिवाळीत मुलं पिस्तुलात टिकली घालून ठो करतात, तोच प्रकार. फक्त इथे टिकलीची ज्वाळा पोकळ बोंडातून दारूपर्यंत जाते. टोपी सहसा नळीच्या कडेला बसते, त्यामुळे आगीला एक वळण घ्यावं लागतं.

तिसरी जात अगदी अलीकडची. १९८५ साली टोनी नाइट या मिसूरीच्या बंदूक कारागिराने टोपी नळीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत बसवलेली बंदूक बाजारात आणली. आग वळण न घेता थेट दारूत घुसते. आज या सरळ जातीत टोपीच्या जागी छऱ्यांच्या काडतुसातलं ‘२०९’ नंबरचं प्रायमर वापरतात. त्याची आग जोरदार असल्याने दमट हवेतही बार सहसा फुसका जात नाही.

३. आधी नियमांचं पुस्तक

प्रत्येक राज्याची नियमपुस्तिका फुकट मिळते. दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ तिला द्यावी. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरचा प्रसिद्ध हंगाम १९७४ साली सुरू झाला, त्या हंगामात चकमकच लागते; टोपीची बंदूक घेऊन गेलात तर दंड. कोलोरॅडोत सरळ जातीची बंदूक चालते, पण दुर्बीण चालत नाही, दारूच्या तयार गोळ्या चालत नाहीत आणि प्लॅस्टिकच्या पेल्यात बसवलेली गोळीही चालत नाही. हरणासाठी नळी आतून निदान ०.४० इंच व्यासाची, एल्कसाठी निदान ०.५० इंच व्यासाची. आयडाहोत ठासणीच्या खास हंगामात पेटवण्याची जागा उघडी दिसली पाहिजे, २०९ प्रायमर नको आणि दारू सुटीच हवी. उलट मिसिसिपीच्या ‘आदिम हत्यारां’च्या हंगामात मागून भरायची एकबारी रायफलही खपते. आदिम या शब्दाची तिथे जरा ओढाताणच झाली आहे.

आता कल्पना करा की कोलोरॅडोत राहणाऱ्या एकाने जाहिरात पाहून सरळ जातीच्या बंदुकीचा संच घेतला. त्यात स्वस्त दुर्बीण, तयार दारूगोळ्यांचं खोकं आणि प्लॅस्टिकच्या पेल्यातल्या गोळ्या. बंदूक सोडली तर त्यातली एकही वस्तू त्याला हंगामात वापरता येणार नाही. स्वस्त म्हणून घेतलेला संच त्याला सगळ्यांत महाग पडला.

कायद्याचा आणखी एक पदर आहे. १९६८च्या संघराज्याच्या बंदूक कायद्यात काळ्या दारूची ठासणीची बंदूक ‘पुरातन’ वर्गात मोडते, मग ती गेल्या महिन्यात कारखान्यातून निघालेली का असेना. त्यामुळे बऱ्याच राज्यांत ती टपालाने घरपोच येते. पण नळी बदलून जिच्यात काडतूस घालता येतं ती या सवलतीत बसत नाही, आणि न्यू जर्सीसारखी राज्यं ही सवलत मानतच नाहीत. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी माणसाने तर जास्तच जपून राहावं. अशा माणसाला एरवी बंदूक बाळगायला संघराज्याची बंदी आहे. वैध शिकार परवाना हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. ठासणीची बंदूक त्या बंदीच्या व्याख्येबाहेर असली, तरी आधी शिकारी-शिक्षणाचा वर्ग, मग परवाना, मग बंदूक, हाच क्रम ठेवावा. तो वर्ग बहुतेक राज्यांत नवख्याला सक्तीचाच असतो.

४. कमी पैशात कोणती जात

राज्याने मोकळीक दिली असेल तर माझं मत सरळ जातीच्या, मधोमध मोडून उघडणाऱ्या बंदुकीकडे आहे. सीव्हीए कंपनीची वुल्फ, ट्रॅडिशन्सची बकस्टॉकर ही या वर्गातली नेहमीची नावं. किंमत अडीचशे-तीनशे डॉलरच्या आसपास. नळीमागचं बूच फिरवून काढता येतं, त्यामुळे नळी आरपार दिसते, आरपार धुता येते. नवख्याला याचं मोल हंगामाच्या शेवटी कळतं. दस्ता प्लॅस्टिकचा असतो, दिसायला काही खास नाही. पण दस्त्याच्या लाकडाने आजवर एकही हरीण पडलेलं नाही.

राज्य सरळ जात चालू देत नसेल तर कडेला टोपी बसणारी बंदूक घ्यावी. थॉम्पसन सेंटरने १९७० साली आणलेली हॉकेन या वर्गातली इतकी लोकप्रिय झाली की तिच्या जुन्या प्रती आजही बाजारात सापडतात. नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा नीट राखलेली जुनी हॉकेन मी डोळे झाकून निवडेन. डोळे झाकायच्या आधी काय पाहायचं ते पुढे येईल.

आणि चकमक? तिथे मात्र खिसा हलका असेल तर थांबावं. टोपीच्या बंदुकीत आग रसायन देतं. चकमकीच्या बंदुकीत ती कारागिरी देते. पट्टीचं पोलाद नीट पाणी दिलेलं नसेल, घोड्याचा कोन जरा चुकला असेल, तर ठिणग्या पडत नाहीत, आणि स्वस्त बंदुकीत पैसे वाचवलेले असतात ते नेमके याच ठिकाणी. पेनसिल्व्हेनियाच्या नाताळनंतरच्या हंगामात जायचं तर पर्याय नाही. पण एक वर्ष पैसे साठवावेत, किंवा ओळखीच्या शिकाऱ्याची बंदूक रेंजवर मागून पाहावी, आणि पन्नासेक वेळा चाप ओढून ठिणग्या पडतात की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

नळीच्या व्यासाचा प्रश्न सोपा आहे. ०.५० इंच. सर्वाधिक खपणारी नळी तीच, म्हणून गोळ्या, चिंध्या, गजाची टोकं, सगळं कुठल्याही दुकानात मिळतं. ०.४५ किंवा ०.५४ची बंदूक स्वस्तात सुटली म्हणून घेतली, तर पुढे दर गोळीमागे शोधाशोध होते.

५. नळीतला पीळ आणि गोळीचा खर्च

नळीच्या आत मळसूत्री चर कोरलेले असतात. ते गोळीला फिरकी देतात आणि फिरणारी गोळी सरळ जाते. किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, यावरून नळीचा पीळ मोजतात. गोल गोळीला मंद पीळ मानवतो, साठ-पासष्ट इंचांत एक फेरा. लांबट गोळीला घट्ट पीळ लागतो, अठ्ठावीस इंचांत एक. जुन्या हॉकेनमध्ये अठ्ठेचाळीस इंचांचा मधला पीळ असतो, दोन्हींशी जुळवून घेणारा.

ही बारीकसारीक माहिती खिशाशी जोडलेली आहे. ०.५०च्या नळीसाठी ०.४९० इंचाची शिशाची गोल गोळी लागते. शंभर गोळ्या साधारण वीस डॉलरला मिळतात. म्हणजे बारामागे वीस सेंट. अठ्ठावीसच्या पिळात मात्र सहसा प्लॅस्टिकच्या पेल्यातली लांब गोळी घालतात, आणि ती बारामागे डॉलरच्या पुढे जाते. साठ बारांचा सराव धरला तर एकीकडे बारा डॉलर, दुसरीकडे साठ-सत्तर. सरळ जातीची बंदूक पन्नास डॉलरने स्वस्त पडली, तर तो फायदा एका उन्हाळ्यात गोळ्या खाऊन टाकतात. यावर तोड म्हणजे सरावासाठी त्याच नळीत बसणारी साधी, शिशाची लांबट गोळी वापरायची आणि महाग गोळी शेवटच्या दहा-पंधरा बारांपुरती ठेवायची. दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या ठिकाणी लागतात, म्हणून नेम शेवटी महाग गोळीवरच जुळवावा.

पल्ल्याबद्दल फुशारकी फार चालते. नेम धरायला दुर्बिणीऐवजी साधी माशी आणि भरायला गोल गोळी असेल तर नवख्याने पंचाहत्तर यार्डांपलीकडे हरणावर बार काढू नये. गोल गोळीचा वेग झपाट्याने मंदावतो आणि जखमी हरीण रात्रभर रानात फिरतं.

६. दारू

अमेरिकेत दारू ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या आजीच्या दागिन्यांचा एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. म्हणजे नव्वद ग्रेनचा बार भरला की नळीत अर्धा तोळा दारू गेली.

खरी काळी दारू कायद्याने स्फोटक ठरते, त्यामुळे ती ठेवायला दुकानदार सहसा तयार नसतो. त्याऐवजी पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन असे पर्याय मिळतात. चकमकीच्या बंदुकीत मात्र ते नीट पेटत नाहीत, तिथे खरी काळी दारूच हवी. घरात चकमक आणायच्या आधी जवळपास काळी दारू कुठे मिळते याची चौकशी करावी, हेही त्या बंदुकीच्या किमतीतच धरायचं.

पर्यायी दारू वजनावर नव्हे, मापाने भरतात. पितळी मापावर सत्तरची खूण म्हणजे सत्तर ग्रेन काळ्या दारूला जेवढी जागा लागते तेवढी जागा. पायरोडेक्स हलकी असल्याने त्या जागेत तिचं वजन साधारण तीन चतुर्थांशच भरतं. एका पौंडात सात हजार ग्रेन असतात. खऱ्या काळ्या दारूचे सत्तर-सत्तरचे शंभर बार होतील, पायरोडेक्सचे सव्वाशेच्या वर. तयार दारूगोळ्या प्रत्येकी पन्नास ग्रेनच्या मापाच्या, खोक्यात शंभर; एका बाराला दोन लागतात, म्हणजे खोकं पन्नास बारांत संपलं. घाईत भरायला सोय आहे, पण तिचे पैसे मोजावे लागतात. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा जोरदार असते, म्हणून तिचं माप काही कमी घ्यायचं, आणि बंदुकीच्या पुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही.

एक गोष्ट तर कदापि करू नये. काडतुसात भरतात ती बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घालू नये. दिसायला तीही काळीच, मापात तीही तशीच भरते, पण तिचा दाब नळी फाडतो आणि सोबत हाताची बोटं नेतो. त्या दारूसाठी मुद्दाम बांधलेल्या बंदुका आहेत. आपली त्यांतली नाही, असंच धरून चालावं.

७. वापरलेली बंदूक पाहताना

हातात घेतली की पहिलं काम, ती भरलेली आहे का ते पाहायचं. हसण्यावारी नेऊ नका. आजोबांच्या कपाटातून निघालेल्या बंदुकीत वीस वर्षांपूर्वीचा बार तसाच असू शकतो. गज नळीत सोडा, तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी बोटाने खूण धरा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावा. खूण नळीच्या तोंडाशी धरली की गजाचं टोक टोपीच्या बोंडाच्या किंवा मागच्या बुचाच्या पातळीपर्यंत आलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. विकणाऱ्याने ते माहीतगाराकडून काढून घेईपर्यंत व्यवहाराचं बोलू नये.

मग टोकाला घट्ट चिंधी लावून गज हळूहळू वर-खाली फिरवायचा. सगळीकडे सारखा अडला पाहिजे. मध्येच एका जागी एकदम सैल झाला तर नळीला तिथे फुगवटा आहे. कोणीतरी गोळी दारूपर्यंत न ठासताच बार काढला असणार. तिथेच व्यवहार संपला. चिंधी अडकत, खरखरत आली तर गंजाने खड्डे पडले आहेत. थोडी तांबूस निघाली तर तेवढं चालतं, पण भावात ते दिसलं पाहिजे. घोडा अर्ध्या खुणेवर चढवून चाप हलकेच दाबावा. घोडा सुटला तर बंदूक परत द्यावी.

सीव्हीएच्या जुन्या सरळ बंदुकांबाबत एक गोष्ट मुद्दाम पाहावी. १९९७ साली कंपनीने ज्यांच्या क्रमांकाच्या शेवटी ९५ किंवा ९६ होतं त्या सरळ बंदुका परत मागवल्या होत्या. त्यांतल्या काही अजून पन्नास-साठ डॉलरला फिरतात. तेवढ्याला मिळाली म्हणून अशी बंदूक घेऊ नये.

८. चारशे डॉलर

समजा जवळ चारशे डॉलर आहेत. साध्या माशीची नवी सरळ बंदूक २६०. एक पौंड पर्यायी दारू ४०. शंभर प्रायमर १२. सरावाच्या आणि हंगामाच्या गोळ्या मिळून ३०. पितळी माप १०. गजाची टोकं, चिंध्या, ग्रीस, बूच काढायचा पाना २५. झाले ३७७. उरलेले २३ रेंजच्या फीला. भाव गावागणिक बदलतील, पण प्रमाण बदलू देऊ नये: बंदुकीवर दोन तृतीयांशांपेक्षा जास्त जाता कामा नये. साडेतीनशेची बंदूक घेऊन वीस बारांचाच सराव करणारा माणूस, दोनशेची जुनी बंदूक घेऊन शंभर बार काढलेल्या माणसापुढे रानात टिकत नाही. शिकार परवाना आणि नारिंगी जाकीट यांचे पैसे मात्र वेगळे काढावेत, या चारशेत ते बसत नाहीत.

खरेदी हंगाम संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत करावी. दुकानांना कपाट रिकामं करायचं असतं, आणि सरावाला सगळा उन्हाळा मिळतो.

सरावाच्या पहिल्याच दिवशी एक काम करावं. ठरलेला बार नीट ठासला की गज नळीत असतानाच तोंडाच्या पातळीवर त्याला चाकूने खाच पाडावी. पुढे दर वेळी खाच तोंडाशी आली की गोळी दारूवर बसली हे नक्की. खाच वर राहिली तर एक तर गोळी अडकली आहे किंवा गप्पांच्या नादात आपण दुहेरी बार भरला आहे. चाप ओढूनही आवाज झाला नाही तर बंदूक निदान मिनिटभर तशीच निशाण्याकडे धरून ठेवायची, कारण आत धुमसणारी आग उशिरा पोचू शकते.

आणि घरी आल्यावर, जेवणाआधी, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि रात्रीतून पोलाद खाते. पायरोडेक्सचीही तीच गत. ब्लॅकहॉर्न नावाची महाग दारू वापरत असाल तर पाणी नको, डब्यावर सांगितलेलं द्रावण वापरा. नळी कोरडी करून तेलाची चिंधी फिरवायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक. ती तांबूस निघाली तर सगळं धुणं पहिल्यापासून.